उजवीकडे तीन खटके

नवा स्टिअरिंग रॉड बसवल्यापासून रिमोटची गाडी उजवीकडेच ओढत होती. शर्यतीला दहा मिनिटं उरली होती आणि मृणालिनीने ती तिसऱ्यांदा कडेच्या पाइपवर आदळली.

"वहिनी, जुना रॉड वाकलेला होता ना, गाडी डावीकडे जायची, म्हणून श्रीरंगने रिमोटच्या या बारीक बटणाने चाकांना उजवीकडे तीन खटके देऊन ठेवलेत," दिघे म्हणाले. "ते काढा, नाहीतर पहिल्याच वळणाला बाहेर."

तिचं बोट त्या बारीक बटणावर गेलं. श्रीरंग जाऊन आठ महिने झाले होते. कपडे वाटून झाले, चष्माही दिला. त्याच्या बोटांनी लावलेलं एवढंच राहिलं होतं.

तिने डबीतला जुना रॉड काढून परत बसवला.

"अहो, वाकडा आहे तो!"

"तुमच्या मित्राला चालायचा."

हिरवा दिवा लागला. निळी गाडी रेघ ओढावी तशी सरळ निघाली. मृणालिनीने रिमोटचं चाक अगदी सैल धरलं. कुणीतरी ते आधीच धरलेलं होतं.