फुलांचा रकाना

"वहिनी, हा फॉन्ट फक्त तुमच्या लॅपटॉपवर आहे हं," दिराने बजावलं होतं. "शीट दुसऱ्या कुणाला पाठवलीत, तर तिकडे भलतंच दिसेल."

"दिसू दे. बघायचंय मलाच," म्हणून तिने त्याला वाटेला लावलं.

घशाच्या ऑपरेशनमध्ये तिच्या आईचा आवाज गेला होता. आई परगावी, एकटी. दिवसभर मेसेज करायची, आणि फोन टुण्ण वाजला की इकडे तीन महिन्यांचं बाळ दचकून उठायचं. शेवटी तिने आईला लिहिलं, 'मेसेज नको आता. दोघींना उघडता येईल अशी ऑनलाइन शीट पाठवतेय. सकाळची गोळी घेतलीस की तारखेसमोर एक अक्षर टाक. मी रोज बघेन.'

आईने शब्द पाळला. एकही मेसेज आला नाही.

त्या रकान्याला तिने फुलांचा फॉन्ट लावला होता. आईने कुठलंही अक्षर टाकलं, की हिच्याकडे फूल उमटायचं. आईला यातलं काही सांगितलं नव्हतं. जागरणांनी पिचलेल्या जिवाला तेवढीच गंमत.

आठवडाभर रोज एक फूल. मग सोमवारी एकदम अकरा!

"सासूबाईंनी बागच लावली की!" नवरा हसला.

"गोळी लागू पडलेली दिसतेय. खुशीत आहे स्वारी." कितीतरी दिवसांनी तिच्या छातीवरचं ओझं उतरलं. शेजारच्या चौकटीत तिने उत्तर लिहिलं.

मंगळवारी पंधरा फुलं. बुधवारी बारा. तिने रोज उत्तर दिलं. गुरुवारी मात्र दोनच.

शुक्रवारी बाळंतपणाची रजा संपली. बाळाला पाळणाघरात सोडलं, तेव्हाचं त्याचं रडणं अजून कानात होतं. ऑफिसात पर्स खाली ठेवायच्या आधी तिने शीट उघडली.

आजची चौकट रिकामी होती.

फुलंही कुठे नव्हती. या कॉम्प्युटरवर तो फॉन्टच नव्हता. फुलांच्या जागी इंग्रजी अक्षरांतलं आईचं नेहमीचं मराठी होतं, आणि शेजारी हिची उत्तरं.

सोमवार. 'चक्कर येते.' 'वा! फार आवडलं मला.'

मंगळवार. 'बाथरूमात पडले.' 'किती छान! उद्या आणखी.'

बुधवार. 'उठता येत नाही.' 'अशीच राहा गं.'

गुरुवार. 'ये.' 'दोनच? कंजूष कुठली!'