मेणाची नळी

"ढोल कुटं ठिवलास रं, धुळा?" मायाप्पाने विचारले.

"घरी हाय."

"गड्ड्याच्या जत्रंला बिनढोलाचा आलास? मग आमी काय तुझ्या मेंढरांच्या तालावर नाचायचं?"

मायाप्पाबरोबरचे गजी नाचणारे गडी हसले. धुळा हसला नाही. त्याची बायको मायाक्का श्रावणात तापाने गेली. तेव्हापासून त्याने ढोलाला हात लावला नव्हता.

मैदानात सनया वाजत होत्या, सोंगे नाचत होती, चितारी पडदे रंगवत बसले होते. धुळा कुणाकडे न बघता शंकरप्पाच्या राहुटीत शिरला. तिथे मेणाच्या नळीवर आवाज धरून ठेवणारे यंत्र होते.

"गेल्या साली माझी बायकू हितं वव्या गायली. ती नळी हाय का?"

"गाव?"

"कुंभारी."

शंकरप्पा खोकी उपसू लागला.

"बघा की नीट," धुळा म्हणाला. "सपनात येती, पण बोलत न्हाय. तिचा आवाज कसा हुता, त्येच आता आठवंना झालंय."

गेल्या साली मायाक्का लाजत होती. "तुमी वाजवा, तर म्हणते," म्हणाली. बाहेर रांग होती. "दोन मिनिटांत आटपा," शंकरप्पाने बजावले. धुळाने डोळे मिटून आधी बिरोबाच्या नावाचा ढोल वाजवला. तो पुरा झाल्याशिवाय त्यांच्यात ओवी उचलत नाहीत. मग मायाक्काने ओवी धरली, आणि शंकरप्पाने हात वर केला.

"बगितलंस? लगीच दाद दिली त्येनं," धुळा तिला नंतर म्हणाला होता.

गर्दीमुळे नळी ऐकायची राहिली. "फुडल्या साली ऐकू की," मायाक्का म्हणाली होती.

"सापडली!" शंकरप्पा म्हणाला.

धुळा यंत्राच्या कर्ण्याला कान लावून बसला. सुई टेकली. ढोल घुमू लागला.

"ह्यो मी," धुळा म्हणाला. "आता ती यील."

ढोल वाजत राहिला.

"बास की रं आता," धुळा पुटपुटला.

ढोल थांबला. कर्ण्यातून मायाक्काने घसा साफ केला.

"म्हणू का?" तिने विचारले, आणि नळी संपली.