भरलेली गाडी

शोरूमवाल्यांनी आपल्याला टोपी घातली, याबद्दल निकेतला शंका उरली नव्हती. नवं सॉफ्टवेअर टाकूनही त्याची ऑटोमॅटिक गाडी तोंडवलीच्या वडापाशी आली की, रिकामी असूनही, खालच्या गिअरात कण्हू लागे. वडाखालच्या राखणदार देवाला विडी ठेवल्याशिवाय तिथून कुणी नवी गाडी पुढे नेत नाही. निकेतने घाईत नेली होती.

आज भरदुपारी शोरूमचा मेकॅनिक दीपेश लॅपटॉप जोडून शेजारी बसला. वडापाशी गिअर उतरला.

"गिअर बरोबर आहे, साहेब. गाडीत माणसं भरलेली असली की..." तो थांबला. मग हळूच म्हणाला, "पाठी बघू नको रे. चलवत रव."

घराच्या फाटकात निकेतने गाडी थांबवली. मागचं दार उघडलं नाही, तरी गाडीची मागची बाजू सावकाश वर आली. घरापुढच्या खळ्यातल्या सुक्या मासळीवर बसलेले कावळे फाटकापासून घराच्या दारापर्यंत एकापाठोपाठ एक उडत गेले.