भांडारातल्या दोन किडन्या

"दोन्ही किडन्या ठणठणीत आहेत, मावशी," पडद्यावरची नजर न काढता डॉक्टर टेंबे म्हणाले. "या गोळ्या घ्या, दुखणं पळेल."

"मला एकच किडनी आहे," अनुसया खिलारे म्हणाली. "दुसरी भावाला दिली."

हल्ली पोटाचा नवा फोटो कुणी काढतच नसे. स्कॅनचं मशीन चादरीखाली झाकून पडलं होतं. माणसाचे जुने एक्सरे, जुने स्कॅन सरकारच्या संगणकी भांडारात असत. त्यांवरून भांडार आजचं पोट अंदाजानं रेखाटून पाठवी आणि डॉक्टर ते वेदवाक्य मानत. अनुसयाची किडनी काढणारा खासगी दवाखाना बुडाला, तिचे फोटोही त्याच्याबरोबर बुडाले. भांडाराला पत्ताच नव्हता. एका किडनीवर असल्या गोळ्या म्हणजे विष, हे मात्र तिला ऑपरेशनच्या वेळीच बजावलेलं होतं.

तिनं पदर सारून कुशीवरचा वण दाखवला. डॉक्टरांनी वण पाहिला, मग पुन्हा पडदा पाहिला.

"पण इथं तर दोन दिसतात."

"मग त्यातली एक काढून द्या मला. भावाला दिलेली भरून निघेल."

"भांडार चुकत नाही, मावशी."

"चुकलं तरी त्याचं काय जातंय? पोट माझं दुखतंय." तिनं गोळ्या मागं सारल्या. "हात लावून बघा आधी."

डॉक्टर उठून तिच्यापाशी आले आणि अवघडून उभे राहिले. जिवंत पोट त्यांनी कधी तपासलंच नव्हतं. अनुसयानं त्यांचं मनगट धरून तळवा दुखऱ्या जागी ठेवला.

"आता दाबा," ती म्हणाली, "आणि माझ्या तोंडाकडं बघा."