भिंतीची मागची बाजू

वारसा समितीच्या गोगट्यांनी बैठकीच्या भिंतीला यंत्र चिकटवलं आणि तिने शंभर वर्षं जिरवून ठेवलेली दाजीबुवांची तान मिरजेच्या त्या घरात पुन्हा घुमली. गोगट्यांचे डोळे पाणावले.

“ही भिंत पाडायची परवानगी? विसरा, वृंदाताई. तुमचे पणजोबा गातायत हिच्यातून!”

“पणजीही बोलते. यंत्र मागच्या बाजूला लावा.”

मागे बिनखिडकीची खोली होती, पाळी आली की बायकांनी बाजूला बसायची. गोगट्यांनी नाइलाजाने यंत्र लावलं. तीच तान आता पलीकडून पुसट आली आणि अगदी जवळून एक कोरडा आवाज: “पाणी द्या हो कुणीतरी. केव्हाची हाका मारतेय.”

तान थांबली नाही.

गोगटे चाचरले. “हेही जतन करू आपण. फार दुर्मीळ आहे.”

“म्हणजे अजून कोंडूनच ठेवणार तिला?” वृंदाने कोपऱ्यातली पहार उचलली.

“अहो, यंत्र चालू आहे! समितीला सगळं ऐकू जातंय!”

“ऐकू दे की. या घरातल्या बाईचा एवढा मोठा आवाज या भिंतीनेही कधी ऐकला नसेल,” म्हणत तिने पहिला घाव घातला.