तड्यावरची काच

भिंतीच्या तड्यावर लेकानं काचेची पट्टी चिकटवली होती. “भिंत सरकली तर ही फुटेल, बाबा. फुटली की घर सोडायचं. कबूल?” म्हाताऱ्यानं कबूल केलं, पण काचा कापण्यातच त्याची हयात गेलेली. पट्टी फुटली की तो गुपचूप नवी लावायचा. आज लेक बिऱ्हाडासकट दारात उभा. “जिंकलात! काच शाबूत आहे. आम्हीच इथं राहायला येतो.” म्हाताऱ्याला आकाश ठेंगणं व्हायला हवं होतं. पण सुनेनं तान्ह्या नातीला नेमकं त्याच भिंतीशी निजवलं, आणि त्याची नजर काचेकडे गेली. कालच लावलेल्या पट्टीवर केसाएवढी रेघ उमटलेली. खरं सांगायला जीभ रेटेना. त्यानं झडप घालून नातीला उचललं आणि हातातली काठी काचेवर हाणली. “बाबा! तुम्हीच फोडलीत!” “फुटली ना? शब्द म्हणजे शब्द,” तो म्हणाला, “आधी बाहेर निघा.”