ओतिलियाच्या खिडकीतला दिवा

चक्रीवादळाने बेइरा शहरातले विजेचे खांब आडवे केले, त्याला नऊ दिवस झाले होते. देल्फिना कोळशाच्या शेगडीवर मक्याचं पीठ शिजवायची आणि रोज दिवेलागणीला समोरच्या ओतिलियाच्या खिडकीत पेटलेला बल्ब बघून जळायची. सगळी वस्ती अंधारात, आणि हिच्याकडेच कशी वीज? वर त्या घरातून नवराबायकोचं खिदळणं. देल्फिनाचा नवरा झेफेरिनो तर महिनोन्‌महिने तिच्याशी धड बोलतही नव्हता.

त्या संध्याकाळी तिला राहवलं नाही. तिने रस्ता ओलांडून ओतिलियाचं दार ठोठावलं.

"आम्हालाही एक तार ओढू दे की गं."

ओतिलिया मेणबत्ती घेऊन दारात आली. तिच्यामागे घर काळंकुट्ट होतं.

"थट्टा करतेस?" ती कडवटपणे म्हणाली. "नऊ दिवस दिवा तुमच्याच घरात जळतोय. तुम्हा दोघांचं हसणं ऐकून माझ्या घशाखाली घास उतरत नाही."

देल्फिना वळली.

तिच्या घराच्या खिडकीत पिवळा उजेड होता. झेफेरिनो टेबलाशी बसून खळखळून हसत होता. एक बाई त्याला वाढत होती. देल्फिनाने आत्ता कमरेला गुंडाळलेलं निळं छापील कापड, तोच कापुलाना तिच्याही अंगावर होता.

बाईने मान वर केली. चेहरा देल्फिनाचा होता.

देल्फिनाकडे बघत ती सावकाश दारापाशी आली आणि तिने आतून कडी घातली.